चेऊलकरांचं उसनं नाक

चेऊलकरांकडे चहाला जाणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पहिला घोट घेऊन 'छान झालाय' असं म्हणू नका. आपल्याकडे पाहुण्याने तसं म्हणायची पद्धत आहे, चहा भांडी विसळलेल्या पाण्यासारखा झाला असला तरी म्हणायची. चेऊलकरांना ती चालत नाही. ते कप तुमच्या हातात देतात, समोरच्या खुर्चीत पुढे सरकून बसतात आणि तुम्ही तो तोंडाला लावायच्या आत विचारतात,

"वास कसला येतो?"

"छान येतो."

"छान हा काय वास झाला? नीट सांगा. कशाचा?"

चहा असतो हिरवा. ग्रीन टी. त्यात दूध नाही, साखर नाही, आलं नाही, वेलची नाही. म्हणजे वास सांगायला आपण ज्या गोष्टींचा आधार घेतो त्यातली एकही नाही. माणूस गडबडतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकदा 'गवताचा' म्हणाले, तर लगेच पुढचा प्रश्न आला, "ओल्या की वाळलेल्या?" वरच्या मजल्यावरच्या साळवीबाईंनी 'उकडलेल्या मेथीचा' असं सांगितलं आणि त्यानंतर चेऊलकरांच्या दारावरून जाताना, चाहूल लागून परत बोलावतील म्हणून, चपला हातात घ्यायला लागल्या. गणपतीचं आमंत्रण द्यायला आलेल्या पोरांपैकी एक म्हणाला, "अंकल, मच्छर की कॉइल जैसा," आणि सगळी फिदीफिदी हसली. चेऊलकर मात्र खूश. "बघा! हा पोरगा नाकाने विचार करतो," म्हणून त्याला बिस्किटाचा अख्खा पुडा दिला.

अंबरनाथ पूर्वेला आमची इमारत आहे, त्यात ते पहिल्या मजल्यावर आणि मी त्यांच्या समोरच्या दारात. त्यांच्याबद्दल इमारतीत बरंच बोललं जातं. दुधाचा रतीब वाचवायला हिरवा चहा पितात. मोरिवलीच्या कंपनीत ऑफिसर होते, साहेबी गेली तरी ऐट गेली नाही. तब्येतीचं खूळ आहे, शंभर वर्षं जगायचंय. माझ्याबद्दलही बोललं जातं, पण वेगळं. मुळेअण्णा किती चांगले, रोज चार वाजता जाऊन त्या एकट्या माणसाला सोबत करतात. सोसायटीच्या सत्यनारायणाला सेक्रेटरींनी हे माइकवरून सांगितलं. टाळ्या वाजल्या. मी हात जोडून खाली बसलो खरा, पण प्रसादाचा शिरा तसाच द्रोणात ठेवला. कारण त्यांच्याबद्दल बोललं जातं ते खोटं आहे आणि माझ्याबद्दलचं त्याहून खोटं. या वयात नको त्या टाळ्या अंगावर बाळगणं बरं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी त्यांच्याकडे जायला लागलो तो निव्वळ स्वार्थाने. मुलगा आणि सूनबाई दोघं नोकरीला. सूनबाई आली की चहा होतो, आणि मला चहा करता येत नाही. सांगायला लाज वाटते, पण जन्मभर दुसऱ्याच्या हातचा चहा प्यालो. तेव्हा दुपारी चारला समोरच्या दारातून किटलीचा 'खट्ट' ऐकू आला की माझे पाय आपोआप चपला शोधायला लागायचे.

पहिल्या दिवशी कप हातात आला आणि प्रश्नही. मी खरं ते सांगितलं. "भिजवलेल्या सुतळीचा."

चेऊलकरांनी मांडीवर थाप मारली. "मुळेअण्णा, तुम्हाला नाक आहे!"

निवृत्त झाल्यापासून माझ्या कुठल्याही अवयवाचं कुणी कौतुक केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो.

त्यांचा चहा करणं बघण्यासारखं असतं. विजेची किटली बंद झाली की ते झाकण उघडून ठेवतात आणि हात मागे बांधून उभे राहतात. "पाण्याला जरा दम खाऊ दे," हे त्यांचं वाक्य. उकळतं पाणी ओतलं की पत्ती भाजते आणि चहा कडवट होतो, असं त्यांचं म्हणणं. दम खाऊन झालेलं पाणी काचेच्या भांड्यात पत्तीवर ओततात आणि मग आम्ही दोघं त्या भांड्याकडे टीव्हीसारखे बघत बसतो. वळलेली पत्ती हळूहळू सुटते. "ती बघा, कोपऱ्यातली. आळशी आहे. बाकीच्या उठल्या, ती अजून लोळतेय." पाण्याला फिकट पोपटी रंग चढतो. चेऊलकर तो उजेडात धरतात, पहिला घोट तोंडात घोळवतात आणि असा काही सुस्कारा सोडतात, की कुठल्याही गोष्टीत इतकं सुख मला कधी मिळालं होतं का, याचा मी विचार करू लागतो.

आता नाकाची गोष्ट. आमच्याकडे काही संध्याकाळी वारा मोरिवलीच्या बाजूने फिरतो आणि कारखान्यांचा वास येतो. अंबरनाथकरांना सांगायला नको. एखादी जुनी बॅटरी आणि कुजकी अंडी एकत्र शिजवावीत तसा. इमारतीच्या सगळ्या खिडक्या धडाधड बंद होतात. एकदा असाच वास सुटला, मी नाकाला रुमाल लावला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि चेऊलकर उघड्या खिडकीशी बसून निवांत चहा पीत होते.

"चेऊलकर, खिडकी लावा हो!"

"का? पाऊस आला?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी माझ्या रुमालाकडे बघितलं. मग कप खाली ठेवला, उठून खिडकी लावली आणि पाठमोरे असतानाच म्हणाले, "गेलंय. नाक. साथीत ताप आला होता ना, तेव्हा गेलं. सगळ्यांचं परत आलं, माझं नाही आलं."

"म्हणजे काहीच नाही येत?"

"कंपनीत इतकी वर्षं नको ते हुंगलं, त्याला कंटाळा आला असेल."

मग सगळंच बाहेर आलं. त्या तापानंतर एकदा त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि आत पेपर वाचत बसले. दूध उतू गेलं, आटलं, जळलं, पातेल्याचा कोळसा झाला. साळवीबाई वरून धावत येऊन दार बडवायला लागल्या तेव्हा यांना कळलं. त्या दिवसापासून त्यांनी चहासाठी गॅस पेटवणं सोडलं. सकाळी पोळ्यावाली बाई येऊन स्वयंपाक करून जाते. ती गेली की हे सिलिंडरची कळ बंद करतात आणि बंद झाली का ते परत जाऊन बघतात. दुपारी किटली, ती आपली आपण बंद होते. किटलीत दूधही घालून बघितलं होतं. ते फेसाळून ओट्यावरून फ्रिजखाली गेलं आणि मुंग्या आठवडाभर वस्तीला होत्या. राहता राहिला पाण्याचा चहा. तो त्यांनी नाइलाजाने धरला आणि मग त्याच्या प्रेमात पडले.

"चव तरी लागते का?" मी विचारलं.

"कडू कळतं. गरम कळतं. ढोसला की छाती मोकळी होते. आणि पत्ती उठताना दिसते. आणखी काय हवं?"

त्यांना हवं होतं ते वेगळंच. त्यांची मुलगी मृणाल बदलापूरला असते. एकुलती एक, बापासारखीच चौकस. तिचं म्हणणं सरळ होतं. नाक नसेल तर गॅस गळलेला कळणार नाही, आणि गॅस गळलेला कळत नसेल तर बाबांनी एकटं राहायचं नाही. सामान बांधायचं आणि बदलापूरला यायचं. डॉक्टरांनी नाक परत यावं म्हणून रोज काहीतरी हुंगायची सवय सांगितली होती. मृणाल संध्याकाळी फोन करून विचारायची, "बाबा, आज चहाचा वास आला का? कसा आला?"

आणि चेऊलकरांनी तिला सांगून टाकलं होतं, की यायला लागला.

"मुलीचं घर चांगलं आहे हो. जावई देवमाणूस," ते मला म्हणाले. "पण तिथे दोन दिवस मी पाहुणा असतो. तिसऱ्या दिवशी मला कुठे ठेवायचं ते त्यांना कळत नाही. इथे मला माहीत असतं मी कुठे आहे ते."

तर असा तो प्रश्न होता. चारला पाहुण्याने सांगितलेला वास सहाला मुलीला आपला म्हणून सांगायचा. 'छान' त्यांना का चालत नव्हतं ते मला आत्ता कळलं. मुलगी 'छान'वर गप्प बसणारी नव्हती.

मी म्हणालो, "एवढंच ना? माझं नाक घ्या."

इथून माझं काम सुरू झालं. चारला मी कपावर वाकायचो, ते टिपून घेतल्यासारखं ऐकायचे, मनात पाठ करायचे, आणि सहाला फोनवर मृणालला सांगायचे, "आज ना, बाळा, धुतलेल्या तांदळाचा वास येतोय. हलका." मी समोर बसून मान डोलवायचो. माझ्या नाकाची कीर्ती वाढली. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये मोटवानी म्हणून एकाचं दुकान आहे, चेऊलकर सुटी पत्ती तिथून आणतात. मला रिक्षात घालून घेऊन गेले. मोटवानी बरण्या उघडत गेला, चेऊलकर गप्प आणि मी हुंगून सांगतोय. "ही धुरकट. ही ताजी. ही बरणी आधी बडीशेपेची होती."

मोटवानी उडाला. "अरे साईं! ये तो सच में सौंफवाला डब्बा था!" त्याने मला स्टूल दिलं, मुलाला हाक मारून सरबत मागवलं आणि चेऊलकरांना हळूच विचारलं, "साहब कौनसी कंपनी के टेस्टर हैं?"

"बाहेरगावच्या," चेऊलकर गंभीरपणे म्हणाले.

त्यानंतर मी गेलो की मोटवानी आपला हिंग, केशर, उदबत्त्या सगळं माझ्यापुढे मांडायचा. सरकारी कचेरीत फायलींवर शिक्के मारण्यात हयात गेलेल्या माणसाला हे सोसवलं नाही. मी शेफारलो. साध्या वासांवर माझं भागेना. एकदा सर्दी झाली होती, काहीच कळत नव्हतं, तर मी रिकामा हात दाखवायच्या ऐवजी ठोकून दिलं, "मोगरा."

सहाला फोनवर मृणाल थांबली. "बाबा, काल काकडी. परवा सुतळी. आज मोगरा? चहा तोच ना?"

चेऊलकरांनी माझ्याकडे असं बघितलं, की कंपनीत त्यांच्या हाताखालच्या माणसांचं काय होत असेल ते मला समजलं. "अगं, खाली कुणाच्या तरी कुंडीत फुललाय. वाऱ्याबरोबर येतो." फोन ठेवल्यावर म्हणाले, "मुळेअण्णा, नाक बंद असेल तर बंद आहे म्हणा. माझी मुलगी आहे ती. उगाच फार खोटं नको."

आमच्यात खोटं थोडं आणि फार असं वाटून घेतलेलं होतं. मला त्यात मजा यायची. गॅसची कळ आठवायची नाही.

मग मृणालला मुलगा झाला. चेऊलकर दवाखान्यात जाऊन लांबून बघून आले. बारशाला मलाही आमंत्रण होतं. "बाबांचे मित्र" म्हणून मृणालने स्वतः फोन केला. बदलापूरच्या त्यांच्या घरात बायकांची गर्दी, पाळण्याला झेंडूच्या माळा, ताटलीत घुगऱ्या. कानात नाव सांगून झालं, पाठीवर धपाटे घालून झाले. मृणालच्या सासूबाईंनी बाळाला पाळण्यातून उचललं आणि चेऊलकरांच्या ओंजळीत दिलं.

"घ्या आजोबा. टाळू हुंगा नातवाची. त्या वासाची सर कशाला नाही."

चेऊलकर वाकले. टाळूला नाक लावलं. आणि तसेच राहिले. चहाला फार तर क्षणभर लागतो. हे बराच वेळ वाकलेले.

मृणाल सोफ्याच्या हातावर बसली होती. रोजच्या सवयीने तिच्या तोंडून गेलं, "कसा येतो वास, बाबा?"

उत्तर अवघड नव्हतं. बाळाचा वास कसा असतो हे कुणीही सांगेल. तेल म्हणा, दूध म्हणा. शिवाय त्या घरात बाळाला धुरी दिली होती, ओव्याचा धूर दारातच नाकाला लागला होता. मी त्यांच्या मागेच उभा होतो. खोकल्यासारखं केलं आणि पुटपुटलो, "धुरी. ओवा." त्यांनी ऐकलं. त्यांची मान किंचित हलली ती मी बघितली. याहून कितीतरी क्षुल्लक गोष्टीसाठी त्यांनी माझा शब्द झेलला होता.

ते म्हणाले, "येत नाही गं."

"काय?"

"काहीच येत नाही. आलाच नव्हता परत." बाळाच्या डोक्यावरून नजर न काढता ते म्हणाले. "चहाचं काही वाटलं नाही मला. पण याचा नाही येत, तर येतो कसं म्हणू?"

घुगऱ्यांच्या ताटल्या जिथल्या तिथे थांबल्या. मृणालने वडिलांकडे बघितलंच नाही. तिने माझ्याकडे बघितलं, माझं पुटपुटणं तिने ऐकलं असावं. "काका, तुम्ही जरा आत या."

स्वयंपाकघरात तिने मला जे सुनावलं त्यात एकही शब्द वावगा नव्हता. "तुम्ही चार वाजता जाता. सकाळी बाई गेल्यावर कोण असतं तिथे? कळ नीट बंद झाली नसती तर? तुम्ही मोठे आहात काका. मी तुमच्या भरवशावर झोपत होते."

मी जन्मभर वरच्यांची बोलणी खाल्ली, पण एवढी बरोबर बोलणी कधी खाल्ली नव्हती. "चुकलं, बाळा," एवढंच म्हणालो. "पण त्यांना तिथून हलवू नकोस. खोटं बोलले ते तेवढ्यासाठी."

ती वळली. डोळे पुसून बाहेर गेली. चेऊलकर बाळाला घेऊन तसेच बसलेले, बायका उगाच इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होत्या. मृणाल त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली, बाळाच्या डोक्याला नाक लावलं आणि म्हणाली, "ओव्याचा आहे, बाबा. धुरीतला. त्याच्याखाली खोबरेल."

"त्याच्याखाली?"

"दूध. थोडं आंबूस."

"आणि?"

तिने परत नाक लावलं. "सांगता येत नाहीये. कोवळं काहीतरी. माझ्याच अंगाचं, पण नवीन."

चेऊलकरांनी डोळे मिटून घेतले होते. "हं," ते म्हणाले. "आला."

पुढच्या रविवारी मृणाल आणि जावई येऊन गॅस काढून सिलिंडर घेऊन गेले. ओट्यावर विजेची शेगडी आली. पोळ्यावाली बाई फुलका फुगत नाही म्हणून अजून कुरकुरते. घराची एक किल्ली माझ्याकडे दिली, आणि ती देताना मृणालने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यात मी माफ झालो की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चेऊलकर मात्र आपल्या घरात आहेत.

तेव्हा सेक्रेटरींना माझी विनंती, की पुढच्या सत्यनारायणाला माइकवरून दुरुस्ती करावी. चेऊलकर एकटे पडलेले नाहीत, त्यांना मी सोबत करत नाही. चहा त्यांचा, खुर्ची त्यांची, आणि बडबड ऐकून घ्यायची तयारीही त्यांचीच. माझं एक नाक होतं. तेही मी मन लावून वापरलं नाही.

आता तर त्याचीही गरज नाही. सहाचा फोन येतो, पण प्रश्न इकडून जातात. चेऊलकर कपात उरलेला गार चहा हातात धरून, फोन टेबलावर मोठ्याने लावून बसतात. बाळाच्या पोटाला हिंग लावला की तो खड्याचा की पुडीचा हे मृणालला सांगावं लागतं. नवा साबण आणला तर त्याची चौकशी होते.

काल ती म्हणाली, "बाबा, आज पहिल्यांदा वरणभात भरवला. तोंडाला नुसता तुपाचा वास येतोय."

"कसल्या तुपाचा?"

"अहो, तुपाचा म्हणजे तुपाचा."

"असं कसं? गायीचं की म्हशीचं? नीट बघून सांग."

"बाबा!" ती म्हणाली. मग, "थांबा. जाते जवळ."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या. पोरगं खिदळायला लागलं, गालाला नाक लागून गुदगुल्या होत असाव्यात. चेऊलकर टेबलावर कान लावल्यासारखे वाकले आणि त्यांनी मला हाताने गप्प राहायची खूण केली. मी काही बोलत नव्हतोच.